पंच्याऐंशीच्या आत

रविवारी उपासनेला देवळाच्या दारात चपला साचतात. मी त्या जोडीजोडीनं सरळ लावतो, आत एक चक्कर मारून येतो, तवर परत ढीग! किस्स्यांचंही तसंच असतं बघा. आम्ही पाच माणसं सकाळी चालायला काय लागलो, आठ महिन्यांत एवढे किस्से साचले की कुठला कुठल्याखाली दबलाय ते कळत नाही. एकेक काढून दाखवतो. घाई करू नका. मी हळू बोलणारा माणूस आहे, आणि चालतो तर त्याहून हळू.

आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. साताऱ्यातल्या आमच्या देवळाचा मी राखणदार. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, अंगण झाडायचं. मागच्या खोलीत एकटाच राहतो. लहानथोर सगळे मला बाबा म्हणतात.

* * *

हे सगळं सुरू झालं बेंजामुळं. बेंजामिन, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. तीस वर्षं त्यानं कोयनानगरच्या घाटात गाडी वर-खाली केली, पण स्वतः कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेला नाही. तिथंही गाडी काढायचा!

त्याची बायको रूथ. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यांची मुलगी सांगलीत नर्स आहे, तिनं आईला तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. बेंजा म्हणाला, "माझी एक घ्या." रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. मग डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं.

अठ्ठ्याण्णव किलो!

डॉक्टर म्हणाले, "पंच्याऐंशीच्या आत या, मग बोलू. आत्ता पोट उघडलं तर तुमच्याच जिवाला धोका. आणि हे नाताळच्या आधी व्हायला हवं. बाईंचं हृदय दमत चाललंय."

तेव्हा नुकताच ईस्टर झाला होता. पुढच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, विचारलं, "कोणासाठी प्रार्थना करायची?" बेंजा मागच्या बाकावरून उठला. गुडघे धरून उठला. सगळ्यांना त्याच्या घरचं माहीत होतं, सगळ्यांनी डोळे मिटायची तयारी केली.

बेंजा म्हणाला, "प्रार्थना रूथसाठी करा. माझ्यासाठी नको. मला फक्त सकाळी चालायला उठवा!"

* * *

उठवायचं काम माझ्याकडं आलं. का, तर मी तसाही पाचला उठतो.

पहिल्या दिवशी मी त्याच्या खिडकीपाशी गेलो. "बेंजा, ए बेंजा." उत्तर नाही. काठीनं गज वाजवला. घोरणं जरा थांबलं आणि दुप्पट जोरात सुरू झालं. शेजारची दोन घरं उठली, तिसऱ्या घरातला कुत्रा उठला, बेंजा उठेना! आतून रूथ म्हणाली, "बाबा, राहू द्या. झोपू द्या त्यांना." तिचा आवाज लय थकलेला होता. मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. नाताळ लांब दिसतो, पण असे तीन-तीन दिवस गेले तर काय लांब?

चौथ्या दिवशी मी खिडकीला तोंड लावून एसटी स्टँडवरच्या माणसासारखा ओरडलो, "सातारा-कोयनानगर! गाडी लागली! ड्रायव्हर कुठाय?"

बेंजा ताडकन उठून बसला. डोळे मिटलेलेच. उजवा हात चावी फिरवतोय आणि डावा पाय अंथरुणात क्लच शोधतोय! मग त्यानं डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाला, "बाबा, किती लेट झाला?"

मी म्हणालो, "तीन दिवस!"

* * *

आमचे पाळकसाहेब तरुण, उत्साही. त्यांनी डोकं लढवलं. म्हणाले, "नुसतं चालायचा कंटाळा येतो. आपण रोज सकाळी मंडळीतल्या एका घरी चालत जाऊ, प्रार्थना करू, चालत परत येऊ. व्यायाम होईल, आणि घरभेटीही होतील."

सगळ्यांना पटलं. पाळकसाहेब, बेंजा, मी आणि एस्तेर सिस्टर. एस्तेर सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या परिचारिका. आवाज असा की इंजेक्शन टोचल्यासारखं वाटावं. सहा आठवडे आम्ही चाललो. एक दिवस चुकवला नाही. पाऊस लागेपर्यंत निम्मी मंडळी भेटून झाली.

मग पीकसणाचा काटा काढला. आमच्याकडं कापणी झाली की माणसं शेतातलं पहिलं धान्य, भोपळे, कोंबड्या देवळात आणतात आणि त्यांची बोली लागते. त्यासाठीचा काटा माझ्या खोलीत असतो. तांबडे आकडे पेटतात त्यावर. बेंजा उभा राहिला.

शंभर!

एस्तेर सिस्टरनी काटा हलवून बघितला. मला उभं केलं. माझे पन्नास बरोबर आले. मग त्या सावकाश वळल्या आणि एकेका घराचं नाव घेऊन विचारायला लागल्या. "सोमवारी काय खाल्लं?" "कांदेपोहे." "मंगळवारी?" "शिरा." "बुधवारी?" "बुधवारी काही न्हाई सिस्टर... घावनं होती."

खरंच, आमच्यात पाळक दारात आले आणि रिकाम्या तोंडानं गेले असं होत नाही. घरमालकिणीला ते लागतं. आणि बेंजासाठी प्रार्थना करायची म्हणून बायका त्यालाच आग्रह करायच्या, "घ्या हो, आजारपण आहे तुमच्या घरी!"

पाळकसाहेब बिचारे खाली बघून म्हणाले, "सुरुवात तर आपण प्रार्थनेनंच करत होतो."

"आणि शेवट शिऱ्यानं!" सिस्टर ओरडल्या. "सहा आठवडे गेले पाळकसाहेब! तिकडं रूथच्या पायावर सूज चढलीय!"

त्या दिवशी कुणी चहासुद्धा घेतला नाही.

* * *

मग आम्ही अजिंक्यताऱ्याचा चढ धरला. तिथं कुणाचं घर नाही आणि पोहे नाहीत.

तिथंच आम्हाला सुभेदार भेटले. बेंजाच्या गल्लीतलेच, मिलिटरीतून आलेले. ते काही आमच्या मंडळीतले नाहीत, गणपतीला जाणारे माणूस, पण बेंजाचं ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला माझ्याकडं द्या." असे आम्ही पाच झालो.

आता गंमत ऐका. पाळकसाहेबांनी नियम केला होता की पहिल्या वळणावर थांबून एकानं प्रार्थना करायची. बेंजा म्हणाला, "मी करतो." आम्हाला कौतुक वाटलं. एरवी हा माणूस सभेत प्रार्थनेला कधी तोंड उघडत नाही.

त्यानं सुरुवात केली. आजाऱ्यांसाठी केली, विधवांसाठी केली, परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी केली, सीमेवरच्या जवानांसाठी केली. तिथं सुभेदारांनी टोपी काढली आणि सावधान उभे राहिले. मग बेंजा कोयनेच्या धरणावर आला. मग पाटण डेपो, कराड डेपो, वडूज डेपो. दहिवडी डेपोच्या मेकॅनिकपर्यंत पोचला तेव्हा मी एक डोळा उघडून बघितलं. बेंजा दगडाला टेकून आरामात दम घेत होता!

मंडळीतल्या माणसाची प्रार्थना तोडायची कशी? पाळकसाहेबांनाही ते जमेना. दुसऱ्या दिवशी तो सांगली डेपोपर्यंत गेला, तिसऱ्या दिवशी कर्नाटकात!

शेवटी सुभेदारच बोलले. डोळे मिटूनच, टोपी छातीशी धरून. "आवं बेंजामिन, देव ऐकतोय, कबूल. पण तो वरच्या वळणावर बी ऐकतोय न्हवं? का त्याला हितंच रेंज हाय?"

पाळकसाहेबांनी त्याच जागी नियम बदलला. प्रार्थना चालता चालता आणि डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या दिवशी बेंजाची प्रार्थना आली एवढीच, "प्रभू, रूथ. आमेन."

त्यानंतर कुणी हसलं नाही. चढ चढलो.

* * *

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे, तरी सांगतो.

मी शाळेत गेलो नाही. आकडे मला देवळातल्या फळीवरून आले. उपासनेला कुठली गीतं म्हणायची त्यांचे नंबर त्या फळीवर लावतात, लाकडी आकडे असतात, ते मी लावतो. बेंजाला डोळ्यांनी दिसावं म्हणून मी काय केलं, दर शनिवारी त्याचं वजन झालं की तो आकडा फळीवर लावायचा. संध्याकाळी काढून टाकायचा आणि रविवारची गीतं लावायची. श्रावण आला तोवर फळीवर ब्याण्णव आले होते. आमची छाती फुगली होती.

त्या शनिवारी रूथला दम लागला म्हणून धावपळ झाली. तिला दवाखान्यात नेलं, रात्री घरी आणलं. मी फळीवर बाकीची गीतं लावली, पण सगळ्यात वरचा आकडा काढायचा राहून गेला.

रविवारी देऊळ भरलेलं. रूथ हट्टानं आली होती, पुढच्या बाकावर. पेटीवाल्यानं फळीकडं बघितलं, पुस्तक उघडलं आणि भाता सोडला. पहिल्या दोन सुरांनाच माझ्या अंगावर काटा आला.

ब्याण्णव नंबर म्हणजे दफनाच्या वेळी म्हणतात ते गीत!

माणसं उठून उभी राहिली. काहींनी सवयीनं तोंड उघडलं, बायकांनी पदर तोंडाला लावले. सगळे रूथकडं बघायला लागले. पाळकसाहेब हातानं पेटीवाल्याला थांबवायला बघतायत, पण पेटीवाला डोळे मिटून वाजवतोय! मी दारात उभा, जमीन पोटात घेईल तर बरं असं झालेलं.

रूथ बसूनच होती. तिनं मान वळवली आणि मागच्या बाकावरच्या बेंजाला, सगळ्या देवळाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "आवं, अजून एक तरी किलो कमी करा. शेजारचं गाणं बरं हाय!"

देऊळ हसलं. हसता हसता रडलं. सोमवारी बेंजा माझ्याआधी देवळाच्या फाटकात येऊन उभा होता!

* * *

पण ब्याण्णवला काटा अडला. एक आठवडा गेला, दोन गेले. बेंजा बोलेनासा झाला.

एका सकाळी दुसऱ्या वळणावर तो पुढं चालला होता. अचानक रस्त्याच्या मधोमध खाली बसला. घाम फुटलेला, ओठ पांढरे, हात छातीवर. सुभेदार पळत पुढं गेले. पाळकसाहेबांना कुणाला फोन करावा सुचेना, ते मोबाईल उलटा धरून बोलत होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या मनात एकच, आता रूथला जाऊन काय सांगू?

सिस्टरनी नाडी धरली. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. मग शांतपणे विचारलं, "जेवलास कधी?"

बेंजा पुटपुटला, "परवा."

"परवा?"

"परवाच्या आदल्या दिवशी."

सुभेदारांच्या खिशात गुळाचा खडा होता, तो त्याच्या तोंडात घातला. पाच मिनिटांत माणूस रंगावर आला. म्हणाला, "उपास-प्रार्थना धरली होती. काटा हलत न्हाई म्हणून."

सिस्टरनी त्याची नाडी अजून सोडली नव्हती. "उपास देवापुढं धरायचा असतो, काट्यापुढं न्हाई! तू आडवा झालास तर तिला कोण देणार? मी देऊ? माझा रक्तगट वेगळा हाय!"

बाकीचे गाडी आणायला खाली गेले. आम्ही दोघंच कठड्यावर बसलो होतो. बेंजा म्हणाला, "बाबा, घाटात गाडी बंद पडली तर मी पॅसेंजरला म्हणायचो, उतरा आणि ढकला. हे शरीर कोण ढकलणार?"

मी म्हणालो, "आमी उतरलोय की रं सगळी. ढकलतोयच न्हवं?"

* * *

पीकसण आला. देवळात ज्वारीच्या कणसांचे झुबके, भोपळे, पेरू, पाय बांधलेल्या कोंबड्या. बोली पुकारायला दरवर्षी पेटीवालाच असतो, त्याचा गळा मोठा. भोपळा काट्यावर ठेवायचा, वजन सांगायचं, बोली सुरू.

काटा बाहेर आहेच म्हणून सिस्टर म्हणाल्या, "बेंजा, तू बी उभा राहा." बेंजा दोन भोपळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. पेटीवाल्याचं लक्ष यादीत. त्यानं आकडा वाचला आणि सवयीनं खणखणीत पुकारलं, "अठ्ठ्याऐंशी किलो! ताजा माल! बोली कोण लावतंय?"

देवळात टाळ्या पडल्या. मग बाकावरून रूथ म्हणाली, "मी लावली असती. पण तीस वर्षं वापरलेला हाय!"

सगळी खो खो हसली. मी मात्र रूथकडं बघत होतो. आकडा ऐकला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिनं नाही वाजवल्या.

* * *

त्यानंतर परत अठ्ठ्याऐंशी. पुढच्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकोणनव्वद! बेंजा उपास करत नव्हता, चोरून खात नव्हता, चढ दोनदा चढत होता. सुभेदार म्हणाले, "हे गणित बसत न्हाई. रसद कुठनं तरी येतीय."

देवळातल्या प्रभुभोजनाच्या टेबलावरचं पांढरं कापड रूथ धुऊन देते. आजारातही तिनं ते काम सोडलं नाही. एका शनिवारी दुपारी ते आणायला मी गेलो. बेंजा घरात नव्हता. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. रूथ स्टुलावर बसून भाकरीचं पीठ मळत होती. शेजारी वाटीभर लोणी. ती बोटांनी लोणी घ्यायची आणि पिठात मुरवायची. पातेल्यात दुधीची पातळ भाजी होती, तिच्यात दाण्याचं कूट इतकं की पळी उभी राहावी.

मी म्हणालो, "रूथ."

ती दचकली नाही. "बघितलं व्हय बाबा?" म्हणाली. "बसा."

मी बसलो. ती मळतच राहिली.

"एवढा घाट चालवला त्यांनी, पण अंगावर एक टाका न्हाई. आता माझ्यापायी त्यांचं पोट फाडायचं? माझं काय, आज हाय उद्या न्हाई."

"मग सरळ न्हाई म्हण."

"म्हटलं की. एकदा म्हटलं. तर तीन दिवस अन्नाला शिवले न्हाईत. तुमाला रस्त्यावर सापडले न्हवं का, तवाचीच गोष्ट."

मी कापडाची घडी मांडीवर घेऊन बसलो. ती चुकतेय म्हणावं तर जीव तिचा. बरोबर आहे म्हणावं तर बेंजाचा जीव तिच्यात.

"सांगणार त्यांना?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "पण रूथ, मला आताशा एकट्याला जेवण जात न्हाई. उद्यापासनं बेंजाला दोन्ही वेळा माझ्याकडं जेवायला पाठवशील?"

तिनं मळणं थांबवलं. मग हात धुतले. "तुमच्या आमटीला चव नसती बाबा."

"म्हणूनच," मी म्हणालो.

* * *

आता शेवटचा. हा सांगायचा म्हणून तर एवढं बोललो.

नाताळाला दहा-बारा दिवस राहिले होते. सांगलीला जायचा दिवस. सकाळी देवळातल्या काट्यावर बेंजा उभा राहिला, चौऱ्याऐंशी! पाळकसाहेबांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही ती गोष्ट वेगळी. त्यांना नाताळच्या गीतांची तालीम होती, ते मागं राहिले. सुभेदारांच्या जीपमध्ये आम्ही पाच, सुभेदार चालवणार, बेंजा, रूथ, सिस्टर आणि मी.

उंब्रज मागं पडलं तशी रूथनं पिशवीतून पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या काढल्या. "आज तुमची पोटाची सोनोग्राफी हाय," ती बेंजाला म्हणाली. "पोट भरून पाणी लागतं. सांगली येईपर्यंत दोन्ही संपवा. आणि जायचं न्हाई हं, दाबून धरायचं."

बेंजा शहाण्या पोरासारखा प्यायला लागला. रूथला स्वतःला दिवसाचं पाणी मोजून, चहा धरून चार कप; नवी किडनी बसली तरच पोटभर प्यायला मिळणार. ती त्याच्या घशाकडं बघत होती, घोट खाली जाताना बघत होती. मला वाटलं, तहान लागली असेल बिचारीला.

सांगलीत नंबर लागायला बारा वाजले. मुलगी दुसऱ्या मजल्यावर ड्यूटीवर, मधेच येऊन आईचा हात धरून गेली. डॉक्टरांना एक वाजता ऑपरेशनला जायचं होतं. बेंजा काट्यावर चढला. आम्ही चौघं दारातून बघत होतो.

शहाऐंशी!

सिस्टर म्हणाल्या, "अशक्य! सकाळी मी स्वतः बघितलंय!" डॉक्टरांनी बूट काढायला लावले, खिसे रिकामे करायला लावले. शहाऐंशीच. डॉक्टर चांगले माणूस. हळू आवाजात म्हणाले, "आकडा मला कागदावर लिहावा लागतो. खोटा लिहिणार नाही. पुढच्या महिन्यात..." आणि रूथचा कागद बघून तिथंच थांबले.

बेंजा काट्यावरून उतरेना. उभाच. तीस वर्षांत घाटात कधी घाबरला नाही तो माणूस, पण आता आकड्यावरून नजर काढेना. सुभेदारांनी तोंड फिरवलं.

मी रूथकडं बघितलं. तिच्या पिशवीतून दोन रिकाम्या बाटल्यांची तोंडं बाहेर आली होती. तिनं माझी नजर बघितली आणि मान खाली घातली.

माझ्या डोक्यात सगळं सावकाश येतं. पण त्या दिवशी आलं. मी पुढं होऊन म्हणालो, "डॉक्टरसाहेब, ह्याला एकदा लघवीला जाऊ द्या."

"काय?"

"सकाळधरनं दाबून बसलाय. दोन बाटल्या पाणी पोटात हाय."

"पण सोनोग्राफी हाय न्हवं?" बेंजा म्हणाला.

"आज कसली सोनोग्राफी? ती मागेच झाली," डॉक्टर म्हणाले.

बेंजानं रूथकडं बघितलं. मग उतरला आणि गेला.

परत आला. पंच्याऐंशी पॉइंट सहा.

"परत जा!" सुभेदार म्हणाले.

"आता येत न्हाई सुभेदार!"

"प्रयत्न करा!"

"ऑर्डरवर येत न्हाई हो!"

सुभेदारांनी त्याला हाताला धरलं आणि दवाखान्याच्या अंगणात फेऱ्या घालायला लागले. डावा-उजवा, डावा-उजवा! रिक्षावाले बघतायत, पेशंट खिडकीतून बघतायत. वीस फेऱ्या झाल्यावर बेंजा पळतच आत गेला. आला तेव्हा पंच्याऐंशी पॉइंट दोन. घड्याळात पाऊण. डॉक्टरांनी पिशवी उचलली आणि परत खाली ठेवली. "पाच मिनिटं," म्हणाले. सिस्टर भिंतीकडं तोंड करून प्रार्थना करत होत्या, आणि कशासाठी करत होत्या ते सगळ्यांना कळत होतं! आतून नळ सोडल्याचा आवाज आला. सुभेदारांनी सोडला होता, बेंजाला मदत म्हणून.

बेंजा तिसऱ्यांदा बाहेर आला. घामानं भिजलेला, केस विस्कटलेले. काट्यावर चढला. तांबडे आकडे जरा नाचले आणि थांबले.

चौऱ्याऐंशी पॉइंट नऊ.

डॉक्टरांनी आकडा लिहिला. खाली सही केली. मग खुर्ची ओढून रूथच्या समोर बसले. "यांचं झालं, रूथबाई. आता तुम्ही सांगा. तुमची तयारी आहे?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. बेंजा काट्यावरच उभा होता, अनवाणी.

रूथनं पिशवीतून दोन्ही रिकाम्या बाटल्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "बाबा, एवढ्या भरून आणा."

सिस्टर म्हणाल्या, "अगं, तुझं आजचं पाणी झालंय!"

"ठावं हाय," रूथ म्हणाली. "ऑपरेशन होईतवर नुसत्या जवळ असू द्या."